न दिलेल्या औषधाची साक्ष

औषध घेतले आणि रोगी बरा झाला, अशा दोन घटना एकीपाठोपाठ एक घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे ठरत नाही, ही गोष्ट तर्कशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक असली तरी वैद्यकाने ती मनापासून स्वीकारायला विसावे शतक उजाडावे लागले. कितीतरी आजार उपचारांवाचून ओसरतात. सांधेदुखी, दमा, अर्धशिशी यांसारखे जुनाट विकार कमीजास्त होत राहतात आणि रोगी दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा त्रास कळसाला पोचल्यावर, म्हणजे ज्यानंतर काहीही केले नाही तरी उतार पडण्याचीच शक्यता अधिक असते अशा वेळी. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. त्यात विश्रांतीचा, पथ्यपाण्याचा आणि घरच्यांनी घेतलेल्या काळजीचा गुण मिसळतो, शिवाय आपुलकीने चौकशी करणाऱ्या डॉक्टरांना ‘अजून बरे वाटत नाही’ असे सांगण्याचा संकोचही असतोच. या साऱ्याचे श्रेय अखेर औषधाच्या खात्यावर जमा होते. अनुभवी आणि प्रामाणिक वैद्याची नजरही येथे फसते, कारण निवाडा करण्यासाठी जे दिसायला हवे ते त्याच्यासमोर नसतेच: त्याच रोग्याला, त्याच काळात, ते औषध दिले नसते तर काय झाले असते?

एका माणसापुरता हा प्रश्न कधीच सुटत नाही, कारण एकच देह एकाच वेळी औषध घेऊन आणि न घेऊन पाहता येत नाही. म्हणून एका रोग्याऐवजी रोग्यांचे दोन गट घ्यायचे, ते सर्व बाबतींत शक्य तितके सारखे ठेवायचे आणि केवळ एका गटाला नवा उपचार द्यायचा, अशी युक्ती वैद्यकाने काढली. ज्या गटाला नवा उपचार मिळत नाही त्याला ‘नियंत्रण गट’ म्हणतात. उपचार दिला नसता तर काय झाले असते याची साक्ष हा गट देतो. ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड याने 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारल्याचे नोंदवले, तेव्हा या विचाराची पायवाट पडली. मात्र नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती 1795 च्या सुमारास.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे याचे एक प्रारंभीचे उदाहरण प्लेगच्या लसीचे आहे. मुंबईत 1896 मध्ये प्लेगचा उद्रेक झाल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. तुरुंगात एक अडचण होती: लस घेणारे कैदी स्वेच्छेने पुढे आले होते, आणि जे स्वतःहून पुढे येतात ते मागे राहणाऱ्यांपेक्षा प्रकृतीने, वयाने किंवा स्वभावाने मुळातच वेगळे असू शकतात. फेब्रुवारी 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी ही त्रुटी बऱ्याच अंशी भरून निघाली. तेथे प्लेग शिरला असताना प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडण्यात आले आणि त्यांतील एका भागालाच लस टोचली गेली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर आणि त्याच पिसवा, फरक काय तो सुईचा. काही आठवड्यांनी हिशेब मांडला तेव्हा ज्या 28 घरांत प्लेगने प्रवेश केला होता त्यांतील लस घेतलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले होते, तर त्याच घरांतील लस न घेतलेल्या 64 जणांपैकी 26. केवळ पहिला आकडा हाती असता तर त्यावरून लस उत्तम की सुमार, यातले काहीच सांगता आले नसते. त्याला अर्थ आला तो दुसऱ्या आकड्यामुळे, आणि तो आकडा म्हणजे 26 माणसे होती, हे विसरून हा तक्ता वाचता येत नाही. कोव्हॅक्सिन लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला तोही याच पद्धतीने वाचावा लागतो: जवळपास साडेआठ-साडेआठ हजारांच्या दोन गटांत लस मिळालेल्यांपैकी 24 जणांना आणि न मिळालेल्यांपैकी 106 जणांना लक्षणांसह कोविड झाला, म्हणून परिणामकारकता 77.8 टक्के.

दोन गट असले की काम भागले असे मात्र नाही. ते सारखे आहेत की नाहीत यावर सारे अवलंबून असते, आणि त्यांच्यातला फरक कधीकधी अगदी अनपेक्षित दिशेने येतो. अमेरिकेत 1954 मध्ये जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीची जी प्रचंड चाचणी झाली तिचा काही भाग साध्या पद्धतीने आखलेला होता: दुसरीतल्या ज्या मुलांचे पालक संमती देतील त्यांना लस द्यायची आणि पहिली व तिसरीतल्या मुलांशी त्यांची तुलना करायची. दुसऱ्या भागात मात्र पालकांनी संमती दिलेल्या मुलांचेच चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट करून एकाला लस आणि दुसऱ्याला लसीसारखेच दिसणारे पण लस नसलेले इंजेक्शन देण्यात आले. या दुसऱ्या भागात दर लाख मुलांमागे पोलिओचे प्रमाण लस मिळालेल्यांत 28, नुसते इंजेक्शन मिळालेल्यांत 71 आणि ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नाही अशा मुलांत 46 आढळले. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचक थबकतो: लस या दोन्ही गटांना मिळालेली नाही, मग संमती न देणाऱ्यांच्या मुलांना पोलिओ कमी का व्हावा? उत्तर त्या रोगाच्या स्वभावात आहे. दाटीवाटीच्या, अस्वच्छ वस्तीत वाढणाऱ्या मुलाची पोलिओच्या विषाणूशी गाठ तान्हेपणीच पडते, तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याचे रक्षण करत असतात, त्यामुळे आजार न होताच त्याला कायमची प्रतिकारशक्ती लाभते. सुस्थितीतल्या स्वच्छ घरातील मुलाला हा विषाणू उशिरा भेटतो आणि जबर फटका देतो. संमती देणारे पालक बहुतांशी सुस्थितीतले होते, म्हणजे ज्या मुलांना धोका अधिक तीच लसीसाठी पुढे आली होती. पहिल्या, साध्या पद्धतीच्या भागात अशा मुलांची तुलना सरसकट सर्व मुलांशी झाल्याने लसीचा गुण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला, तेथील प्रमाण 25 विरुद्ध 54 असे आले. कोणीही लबाडी केली नव्हती, कोणाची मोजणी चुकली नव्हती, गट तेवढे विषम होते.

अशी छुपी विषमता टाळायची तर कोणाला कोणत्या गटात घालायचे याचा निर्णय रोग्याच्या, डॉक्टरांच्या आणि संशोधकाच्याही हातून काढून घ्यावा लागतो, आणि तो केवळ योगायोगावर सोपवावा लागतो. याला ‘यादृच्छिक वाटप’ म्हणतात. योगायोगाला रोग्याची गरिबी दिसत नाही, त्याच्या फुप्फुसातला डाग दिसत नाही आणि त्याच्याबद्दल दयाही वाटत नाही, म्हणून पुरेशी माणसे घेतली की ज्ञात गुणांबरोबर अज्ञात गुणही दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जातात. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे हे वाटप केले आणि ते मोहोरबंद पाकिटांत ठेवले, जेणेकरून रोगी चाचणीत दाखल होईपर्यंत त्याचा गट कोणालाच कळू नये. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत औषध आणि विश्रांती मिळालेल्या 55 रोग्यांपैकी 4, तर केवळ विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14 मृत्यू पावले. क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटातल्या रोग्याचे आहे हे सांगितलेले नव्हते. पण या चाचणीचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा होता: नियंत्रण गटातील 4 जणांच्या क्ष-किरण चित्रांतही औषधावाचून लक्षणीय सुधारणा दिसली होती, आणि हेच चौघे एखाद्या उत्साही डॉक्टरच्या हाती औषधासह लागले असते तर त्यांची गणना औषधाच्या यशोगाथेत झाली असती.

पोलिओच्या चाचणीतील ‘लस नसलेले इंजेक्शन’ म्हणजेच प्लासिबो. खऱ्या औषधासारखाच रंग, चव आणि आकार असलेली, पण त्यातले क्रियाशील द्रव्य नसलेली गोळी, इंजेक्शन किंवा तसाच भासणारा उपचार, अशी त्याची सोपी व्याख्या करता येते. नुसत्या नियंत्रण गटाला काहीच दिले नाही तर आपल्याला काही मिळत नाही हे त्यातल्या प्रत्येकाला कळते, त्याची अपेक्षा, त्याचे सांगणे आणि डॉक्टरांचे त्याच्याकडे पाहणेही बदलते; प्लासिबो हा फरक पुसून टाकतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एलिशा पर्किन्स यांनी पेटंट घेतलेल्या धातूच्या टोकदार सळ्या अंगावरून फिरवल्या की वेदना ओढून काढल्या जातात अशी समजूत इंग्लंडमध्येही पसरली होती. बाथ येथील वैद्य जॉन हेगार्थ यांनी 1799 मध्ये तशाच दिसणाऱ्या लाकडी सळ्या बनवून पाच रोग्यांवर फिरवल्या, तर चौघांनी आराम पडल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी धातूच्या खऱ्या सळ्यांनीही तेवढाच गुण आला. धातूचा दावा एका दिवसात निकालात निघाला. रोग्यांनी सांगितलेला आराम खोटा नव्हता, त्याचे कारण धातू नव्हते, एवढेच सिद्ध झाले.

ही फसगत गोळ्या आणि सळ्यांपुरतीच आहे असे मानणे सोयीचे असते, शस्त्रक्रियेकडे मात्र संशयाने पाहायला मन धजत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास हृदयशूलावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणाऱ्या वेदनेवर, एक शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती: छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या दोन धमन्या बांधून टाकायच्या, म्हणजे अडलेले रक्त हृदयाकडे वळेल. रोग्यांना बरे वाटत होते, शल्यचिकित्सकांना समाधान होते. 1959 मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी 17 रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूल जागेपुरती दिलेली, दोन्ही बाजूंना छेद घेतलेला, धमन्या मोकळ्या करून समोर आलेल्या, आणि त्या क्षणी शल्यचिकित्सकाच्या हाती एक पाकीट दिले जाई, ज्यातल्या चिठ्ठीवर धमन्या बांधायच्या की न बांधता छेद शिवून टाकायचा हे लिहिलेले असे. नंतर रोग्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही चिठ्ठीतला मजकूर ठाऊक नसे. रोगी आणि तपासणारा दोघेही अनभिज्ञ असण्याच्या या रचनेला ‘दुहेरी अंध’ चाचणी म्हणतात. सहा महिन्यांत धमन्या बांधलेल्या 8 पैकी 5 जणांना आणि न बांधलेल्या 9 पैकीही 5 जणांना बरीच सुधारणा जाणवली. ती शस्त्रक्रिया लवकरच वापरातून गेली. त्या रोग्यांना आपल्यापैकी काहींवर केवळ आभासी शस्त्रक्रिया होणार आहे याची कल्पना दिलेली नव्हती, हा या अन्यथा निर्दोष आखणीवरचा गंभीर डाग आहे, आणि आज अशी चाचणी कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. पुढे ब्रिटनमध्ये हृदयधमनीत स्टेंट बसवण्याच्या उपचाराची तुलना संमतीपूर्वक केलेल्या आभासी उपचाराशी झाली: 2017 च्या चाचणीत आधीच औषधे चालू असलेल्या 200 रोग्यांत व्यायामक्षमतेचा फरक नगण्य निघाला, तर 2023 मध्ये हृदयशूलाची औषधे बंद ठेवलेल्या 301 रोग्यांत स्टेंटने वेदना खरोखर कमी झाल्याचे दिसले. म्हणजे आभासी उपचाराशी तुलना दर वेळी उपचाराला खोटेच पाडते असे नाही. तो कोणासाठी आणि किती उपयोगी आहे याची रेषाही ती आखून देते.

प्लासिबोबद्दल एक गैरसमज सुशिक्षितांतही घट्ट रुजला आहे, तो म्हणजे प्लासिबो मिळालेल्या गटात जेवढी सुधारणा दिसते तेवढी सगळी मनाच्या शक्तीने घडलेली असते. वस्तुतः त्या सुधारणेत आजाराचा नैसर्गिक उतार, सरासरीकडे परतणे आणि नोंदीतला कल हे सारे मिसळलेले असते. ते वेगळे काढायचे तर काहीच न दिलेला तिसरा गटही हवा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्यावरील एका छोट्या अमेरिकी चाचणीत अशी सोय होती. श्वासनलिका रुंदावणारे खरे औषध, औषध नसलेला इनहेलर, आभासी अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे चार पर्याय त्याच रोग्यांना आळीपाळीने देण्यात आले. किती बरे वाटले असे विचारल्यावर पहिल्या तिन्ही पर्यायांना रोग्यांनी जवळपास सारखेच, 50 टक्क्यांच्या आसपास गुण दिले, काहीच न मिळाल्यावर 21 टक्के. यंत्राने फुप्फुसांतून एका सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली तेव्हा मात्र खऱ्या औषधाने 20 टक्के वाढ झालेली, आणि उरलेल्या तिन्ही पर्यायांनी सारखीच, 7 टक्क्यांच्या आसपास. बरे वाटणे आणि श्वासनलिका उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दम्याच्या रोग्याचा जीव दुसरीवर अवलंबून असतो. अपेक्षेचे बळ उलट दिशेनेही चालते. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील गोळ्यांच्या त्रासामुळे त्या सोडून दिलेल्या 60 जणांना ब्रिटनमधील एका चाचणीत काही महिने स्टॅटिन, काही महिने प्लासिबो आणि काही महिने काहीच नाही असे देऊन रोज त्रासाचे गुण नोंदवायला सांगितले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली सरासरी स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3, प्लासिबोच्या महिन्यांत 15.4 आणि गोळीविना महिन्यांत 8 इतकी होती. त्रास खरा होता, पण त्याचा बहुतेक भाग स्टॅटिनचा नसून गोळी घेण्याचा होता.

प्लासिबोशी केलेल्या तुलनेचा या सर्वांहून गंभीर उपयोग होतो तो घातक औषध ओळखण्यासाठी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे ठोके मधूनच चुकत असतील तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून चुकणारे ठोके औषधाने थांबवले की मृत्यू टळतील, हा तर्क 1980 च्या दशकात इतका स्वाभाविक वाटत होता की अशा रोग्यांना प्लासिबो देणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय, असे अनेक डॉक्टरांना वाटे. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ज्यांचे ठोके खरोखर सुधारतात अशाच रोग्यांना निवडून अमेरिकेत चाचणी झाली, आणि 1991 च्या अहवालानुसार औषध मिळालेल्या 755 पैकी 63, तर प्लासिबो मिळालेल्या 743 पैकी 26 रोगी मरण पावले. ज्यांच्यावर अन्याय होत असल्याची भीती होती तेच वाचले होते. हृदयाच्या आलेखात सुधारणा स्पष्ट दिसत असल्याने आणि या रोग्यांत मृत्यू अपेक्षितच असल्याने, तुलना नसती तर कोणत्याही डॉक्टरला आपल्या औषधाचा संशय आला नसता.

तरीही नियंत्रण गटात माणसे असतात, आणि त्यांच्याविषयीचे कर्तव्य विज्ञानाच्या गरजेहून वरचे आहे. प्रभावी उपचार उपलब्ध असताना गंभीर आजाराच्या रोग्याला निव्वळ प्लासिबोवर ठेवणे अयोग्य, ही जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1964 पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्याची दिशा आहे. पण ‘उपलब्ध’ कोठे, श्रीमंत देशात की रोगी राहतो त्या गावात, यावर 1997 मध्ये मोठा वाद झाला. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग एझेडटी या औषधाने 25.5 वरून 8.3 टक्क्यांवर येतो हे 1994 मध्येच सिद्ध झाले असताना, थायलंड आणि आफ्रिकेतील चाचण्यांत गरोदर स्त्रियांच्या एका गटाला प्लासिबो देऊन स्वस्त, अल्प मुदतीचा उपचार तपासला जात होता. त्या देशांत दीर्घ उपचार परवडणारा नव्हता, हे समर्थन खरे असले तरी पुरेसे नव्हते, कारण नियंत्रण गट रिकाम्या हाताचाच असला पाहिजे असा शास्त्राचा कोणताही नियम नाही. मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने याच्या किती तरी आधी हे दाखवून दिले होते. तेथे सॅनेटोरियममध्ये राहून घेतलेला मान्य उपचार हाच नियंत्रण गटाला मिळाला, आणि दुसऱ्या गटाला तीच औषधे गर्दीच्या, गरिबीच्या घरी राहून. घरी राहिलेल्या रोग्यांचा आहार निकृष्ट आणि विश्रांती कमी असूनही ते जवळपास तेवढेच बरे झाले, त्यांच्या घरातील माणसांना संसर्गही अधिक झाला नाही. कोणालाही औषधाविना न ठेवता एका चाचणीने जगभरच्या क्षय उपचाराची जागा रुग्णालयातून घरात आणली.

भारतात 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद बंधनकारक आहे, आणि 2019 च्या नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या नियमांनुसार प्रमाण उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लासिबो दिल्याने सहभागी व्यक्तीला इजा झाली तर ती भरपाईस पात्र ठरते. संमतिपत्रात प्रत्येक गटात जाण्याची शक्यता किती हे आणि प्लासिबोचा कोणताही औषधी परिणाम होणार नाही हे लिहावे लागते. ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णालयात हे पत्रक शब्दशः भाषांतरित, पारिभाषिक मराठीत हाती दिले आणि अंगठा घेतला, तर नियम पाळला जातो पण संमती मिळत नाही. दोनांपैकी एका पुडीत औषध नसेल, कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नसेल, आणि मनात आले तर कधीही नाही म्हणता येईल व त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही कमी होणार नाही, एवढे बोलीभाषेत सांगून समोरच्याकडून ते त्याच्या शब्दांत परत ऐकून घेण्याला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि तेवढा वेळ प्रत्येक चाचणीच्या आखणीतच धरलेला असला पाहिजे.